सांगून मोकळे

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या १९८० सालच्या अमेरिकन भयपटात राल्फ नावाचा एक म्हातारा आहे. गाव त्याला ‘क्रेझी राल्फ’ म्हणतं. सायकलवरून हिंडायचं आणि क्रिस्टल लेकच्या उन्हाळी छावणीवर कामाला निघालेल्या पोरांना गाठून बजावायचं की तिथे जाऊ नका, त्या जागेला शाप आहे, गेलात तर परत येणार नाही. सिनेमात त्याला एवढंच काम. वॉल्ट गॉर्नी या नटाने ते केलं. पडद्यावर तो जेमतेम काही मिनिटं असेल. पण त्यानंतर झाडी, तळं, ओसाड घर आणि मजा करायला निघालेली तरुण पोरं असा मसाला ज्या सिनेमांत पडला, त्यांतल्या बऱ्याच सिनेमांत वाटेवर कुठेतरी एक राल्फ उभा दिसतो. कधी तो पेट्रोल पंपावर तंबाखू थुंकत बसलेला असतो, कधी रस्त्यात आडवा पडलेला असतो. सांगणं तेच. आणि त्याचं ऐकून पोरांनी गाडी मागे वळवली असं सहसा होत नाही. झालं तर सिनेमाच संपेल.

माझ्या पुतण्याला या सिनेमांचं वेड. त्याने मला ‘फ्रायडे’ पाहायला बसवलं आणि राल्फने तोंड उघडताच म्हणाला, ‘‘काका, हा तर तुमच्या खात्यातला माणूस!’’

माझं खातं म्हणजे सुरक्षा. रोह्याजवळच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये १९७६ साली ४०-ब हे कलम आलं. त्यानुसार हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागे, आणि काम जोखमीचं असेल तर लहान कारखान्यालाही सरकार तसं सांगू शके. त्या कलमावर माझं घर चाललं. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, परमिटशिवाय टाकीत उतरू नका, हे रोज कानीकपाळी ओरडायचं. मी प्लांटमध्ये शिरलो की कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटायचं, ‘शनी आला.’ मला त्याचं वाईट वाटत नसे. फक्त एवढंच मनात येई की शनीला शनिवारी निदान तेल तरी मिळतं, मला रजिस्टरावर सह्या मिळतात.

तेव्हा राल्फकडे मी सिनेमावाल्याच्या नजरेने पाहू शकत नाही. मला पडणारा प्रश्न हिशेबाचा आहे. राल्फने सांगितलं, पोरांनी ऐकलं नाही, पोरं मेली. आता हे मरण कोणाच्या खात्यावर मांडायचं?

या प्रश्नाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत रोखठोक उत्तर मला बायबलच्या जुन्या करारात सापडलं. यहेज्केलच्या ग्रंथाचा तेहतिसावा अध्याय. गावाने एक पहारेकरी नेमलेला आहे. शत्रू येताना दिसला आणि त्याने कर्णा फुंकला, तरी एखाद्याने मनावर घेतलं नाही, तर मेलेल्याचं रक्त मेलेल्याच्याच माथी. पण शत्रू दिसूनही पहारेकऱ्याने कर्णा फुंकला नाही, तर त्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल. देव संदेष्ट्याला म्हणतो, तू हा पहारेकरी आहेस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम एखाद्या कंपनीच्या कायदा खात्याने लिहून दिल्यासारखा वाटला, इतका तो स्वच्छ आहे. मात्र त्याच अध्यायात थोडं पुढे देव असंही सांगतो की दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही, त्याने मागे फिरावं आणि जगावं हे मला हवं आहे. म्हणजे कर्णा फुंकायचा तो माणूस मागे वळावा म्हणून. गंमत अशी की पुढे जगाने पहिला अर्धा नियम म्हणून उचलला आणि दुसरा अर्धा प्रवचनाला ठेवला.

ड्रू गॉडर्डचा ‘द केबिन इन द वुड्स’ हा २०१२ सालचा सिनेमा या पहिल्या अर्ध्यावर उभा आहे. जॉस व्हेडनने गॉडर्डच्या जोडीने तो लिहिला. जंगलातल्या घरात गेलेल्या पाच तरुणांना जमिनीखालच्या एका कचेरीतून चालवलं जातंय. शर्ट-टाय घातलेली माणसं, पडदे, बटणं, कॉफी. पृथ्वीच्या पोटात झोपलेल्या प्राचीन देवतांना दरवर्षी बळी द्यायचा असतो, नाहीतर त्या उठतील, आणि तो बळी देणं हे या कचेरीचं सरकारी थाटाचं काम. पेट्रोल पंपावरचा मॉर्डेकाय हा म्हातारा याच कचेरीचा माणूस. तो तिथे का बसवला, हे कचेरीतला एक अधिकारी बजावून सांगतो. पोरांनी आपल्या मर्जीने पुढे गेलं पाहिजे. त्यांना इशारा मिळाला पाहिजे आणि त्यांनी तो धुडकावला पाहिजे. त्याशिवाय बळी देवतांना चालत नाही. मॉर्डेकाय फोन करून गंभीर आवाजात भविष्यवाणी करतो, तेव्हा इकडे ही मंडळी त्याला स्पीकरवर टाकून हसत असतात. तेही मला खरं वाटलं. सुरक्षा सप्ताहातलं माझं भाषण वरच्या मजल्यावर साधारण असंच ऐकलं जाई.

पण सिनेमाने आणखी एक खोच मारून ठेवली आहे आणि ती पाहणाऱ्याच्या हातून निसटते. पोरांची मर्जी हवी म्हणणारी हीच कचेरी एकीच्या केसांच्या रंगात औषध मिसळून तिची बुद्धी मंद करते, हवेत वास सोडून त्यांना भुलवते, दारं बंद करते. म्हणजे निवड आधी हवी तशी वळवायची आणि मग ‘त्यांनीच निवडलं’ म्हणून कागद पुरा करायचा. देवाधर्माचा प्रश्न इथे खरा उभा राहतो. माणसाला स्वातंत्र्य आहे म्हणून देव त्याला धरून ठेवत नाही, फक्त सावध करतो, असं बरेच धर्म कमी-अधिक सांगतात. मला ते मान्य आहे. पण सावध करणं जर बळीच्या विधीतलंच एक कलम असेल, तर त्याला दया म्हणायचं की सापळ्याचा पहिला खटका?

आमच्याकडे हे कलम म्हणजे ‘समज दिली’ रजिस्टर. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक, मग तारीख, विषय, नाव, तिकीट नंबर, सही. शेजारच्या एका कारखान्यात ठेकेदाराचा एक पोरगा साफसफाईसाठी टाकीत उतरला आणि तिथेच पडला. टाकीत नायट्रोजन होता. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५च्या खाली गेला की आत जायचं नाही असा आमचा नियम, आणि नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो जवळपास नसतोच. वास नाही, रंग नाही, जीव घुसमटल्याचं कळायच्या आत शुद्ध जाते. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. मदतीला म्हणून आम्ही गेलो होतो. चौकशीला पहिली मागणी झाली ती रजिस्टराची. पानं उलटली गेली. विषय ‘बंदिस्त जागेतील धोके’, खाली दोघांच्या सह्या. त्या सह्या सापडल्यावर त्या खोलीतल्या साहेबलोकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला ‘केबिन’मधल्या कचेरीत पुन्हा दिसली. कर्णा फुंकला गेला होता. रक्त ज्याचं त्याच्या माथी.

राल्फ वेडा होता की द्रष्टा, या चर्चेत मला रस नाही. त्याने नेमकं काय सांगितलं, यात आहे. तो म्हणतो, जागेला शाप आहे. आता सिनेमातला धोका काय होता ते बघा. १९५७ साली छावणीत एक मुलगा बुडाला, कारण त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांचं लक्ष भलतीकडे होतं. पुढच्या वर्षी तिथल्या दोघांचे खून झाले. बुडालेल्या मुलाची आई, पामेला व्हूरहीस, तो सूड पुढेही चालवत राहिली. म्हणजे धोका होता स्वेटर घातलेल्या, आईच्या मायेने बोलणाऱ्या एका मध्यमवयीन बाईपासून. स्वयंपाकाच्या कामाला निघालेली अ‍ॅनी तर छावणीपर्यंत पोचतही नाही. वाटेत एका जीपमध्ये बसते, घाबरून उडी टाकते आणि जवळच्या झाडीत मारली जाते. राल्फचा इशारा छावणीबद्दल होता, जीपबद्दल त्याने काही सांगितलं नव्हतं. ‘शाप आहे’ हे ऐकून माणसाने करायचं काय? घरी जायचं, एवढं एकच करता येतं, आणि उन्हाळ्याच्या कमाईवर निघालेलं पोर ते करत नाही. ‘टाकीत नायट्रोजन आहे, मीटर लावून बघ, बाहेर दोरीवर माणूस ठेव’ हे सांगणं आणि ‘या टाकीने आधी दोन बळी घेतलेत’ हे सांगणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं जास्त लक्षात राहतं, पहिल्याने जीव वाचतो.

बरं, नीट सांगणाराही त्या सिनेमात आहे, हे बहुतेकांना आठवतच नाही. अ‍ॅनीला ट्रकमधून अर्ध्या वाटेवर सोडणारा ईनॉस. छावणीला पनवती लागलीय असं तोही म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. मुलगा बुडाला, दोघांचे खून झाले, आगी लागल्या, बासष्ट साली छावणी उघडणार तर पाणी खराब निघालं, असा सालवार पाढा वाचतो आणि सांगतो की पोरी, हे काम सोड. अ‍ॅनी हसते. तुम्हीही तुमच्या त्या वेड्या दोस्तासारखंच बोलायला लागलात, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. हा मला सबंध सिनेमातला सर्वांत भयंकर क्षण वाटतो, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. वेड्याने आधी बोलून ठेवल्यामुळे शहाण्याचं म्हणणं बाद झालं. गावात एक राल्फ असला की पुढे कोणीही पुरावा घेऊन आला तरी त्याला राल्फच्या रांगेत बसवता येतं. म्हणून मला कधीकधी वाटतं, अशा गावांना राल्फ हवाच असतो.

या म्हाताऱ्याचे पूर्वज शोधत मागे गेलं तर ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त, १८९७मध्ये, एक बाई भेटते. जोनाथन हार्कर ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे निघालाय आणि खानावळीच्या मालकाची बायको त्याला गुडघे टेकून विनवते की आजच्या रात्री जाऊ नकोस. तो काही ऐकत नाही, त्याला कामावर जायचंय. मग ही बाई काय करते? स्वतःच्या गळ्यातला क्रूस काढून त्याच्या गळ्यात घालते. हार्कर पडला इंग्लंडच्या चर्चचा, त्याला हे मूर्तिपूजेसारखं वाटतं, पण म्हातारीचं मन मोडवत नाही म्हणून तो राहू देतो. पुढे दाढी करताना जरासं कापतं, रक्त बघून ड्रॅक्युला त्याच्या गळ्यावर झेपावतो आणि हात त्या माळेला लागताच मागे सरतो. माझ्या लेखी इशारा देणाऱ्यांच्या सगळ्या वंशावळीत ही बाई सर्वांत मोठी. तिला कळलं की हा ऐकणार नाही. ऐकणार नाही हे कळल्यावर तिने हात झटकले नाहीत, तो ज्या अवस्थेत जाणार होता त्या अवस्थेत त्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी त्याला दिलं. स्लॅशर म्हणजे कापाकापीच्या सिनेमांनी तिचा आवाज घेतला आणि क्रूस तिथेच टाकून दिला.

आता सत्तेचा प्रश्न. ‘फ्रायडे’त छावणीवर एक पोलीस मोटारसायकलवरून येतो. खून सुरू झालेत, अ‍ॅनी मेलेली आहे, कायदा स्वतःच्या पायाने घटनास्थळी आलाय. तो कशासाठी आलाय? राल्फला शोधायला. पोरांना दम भरतो, इथे चाळे चालणार नाहीत म्हणतो आणि निघून जातो. इशारा देणाऱ्याकडे अधिकार नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे, तो आपला अधिकार इशारा देणाऱ्यावर वापरतो. आणि ज्याच्या हातात छावणी बंद ठेवणं होतं तो मालक, स्टीव्ह ख्रिस्टी, रंगरंगोटीत गढलेला. मागचं सगळं त्याला ठाऊक असणार, त्याच्याच घराण्याची छावणी. पण पोरांना त्यातलं काही सांगताना तो दिसत नाही.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला पैसा लागेल, हे त्याला माहीत आहे. तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या फेऱ्या नीट झाल्या, हीही होईल, देव या परदेशी निघालेल्या कुटुंबांना सांभाळेल. मनापासून विश्वास ठेवतो, हसतमुखाने निरोप देतो, आणि जहाज बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असो, तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच. राल्फचं न ऐकणाऱ्या पोरांना आपण मूर्ख म्हणतो. पण सायकलवरून आलेल्या अनोळखी म्हाताऱ्यावर विश्वास न ठेवणं हे क्लिफर्डच्या कसोटीवर पोरांचं शहाणपणच ठरेल. नापास होतो स्टीव्ह ख्रिस्टी. सिनेमा त्यालाही मारतो, पण इतरांच्या रांगेत, असाच जाता जाता.

आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. एकदा मी टाकीच्या तोंडाशी उभा राहून ठेकेदाराच्या पोरांना झापत होतो. तात्या जवळ येऊन म्हणाले, ‘‘साहेब, तुमचं सगळं बरोबर आहे. पण हा उतरला नाही तर उद्या याच्या जागी दुसरा उतरेल. इथे खाली काय सांगताय? वर जाऊन सांगा की.’’

बायबलमधल्या योनाची गोष्ट मी तात्यांच्या या बोलण्याच्या उजेडात वाचतो. माशाच्या पोटातून आलेला हा परदेशी माणूस निनवे शहरात हिंडून एकच वाक्य सांगतो की चाळीस दिवसांत शहर उलथणार. पुरावा नाही, कारण नाही, उपाय नाही. राल्फपेक्षाही राल्फ. तरी शहर वाचतं, कारण बातमी राजाच्या कानावर जाते आणि राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट पांघरतो, माणसांना आणि गुरांनाही उपास घडवतो. राजा उठला, म्हणून वेड्याच्या वाक्याचं शहाणपण झालं. आणि योना? तो चिडतो. शहराबाहेर मांडव घालून शहराचं काय होतं ते बघत बसतो. आपलं भाकीत खोटं पडलं याचं त्याला दुःख. ‘मी सांगितलं होतं ना’ म्हणायची संधी गेली. हा स्वभाव मी आमच्या खात्यात पाहिलाय. अपघात टळला तर कोणी विचारत नाही, झाला तरच सुरक्षा अधिकाऱ्याची किंमत कळते, आणि एखाद्याच्या मनात नकळत त्याची वाट बघणं सुरू होतं. ‘फ्रायडे’च्या १९८१ सालच्या दुसऱ्या भागात राल्फ रात्री झाडाआड उभा राहून आत चाललेलं बघत असतो आणि तिथेच काटेरी तारेने गळा आवळून मारला जातो. दिग्दर्शकाने तेवढ्या खोलात विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण योनाची ती जागा त्याला नेमकी सापडली.

निनवेच्या राजासमोर आपला धृतराष्ट्र ठेवून बघा. उद्योगपर्वात त्याला झोप येत नाही, तो विदुराला बोलावतो आणि विदुर रात्रभर बोलतो. शाप, अपशकुन असलं फारसं नाही, नीती, हित, कुळाचं काय होईल, सगळं उलगडून. धृतराष्ट्राला पटतं. तो तसं म्हणतोही, आणि पुढे जोडतो की दुर्योधन समोर आला की माझं मन फिरतं, दैवापुढे इलाज नाही. सांगणारा शहाणा, ऐकणारा राजा, पटलेलंही आहे, तरी काही होत नाही. इथे तात्यांचं म्हणणं अपुरं पडतं हे मी कबूल करतो. वर जाऊन सांगितलं तरी वरचा माणूस दैवाच्या मागे लपू शकतो.

पण मग कृष्णशिष्टाईकडे यावंच लागतं. शिष्टाई फसणार हे कृष्णाला ठाऊक आहे. विदुर त्याला विचारतो की मग आलास कशाला? कृष्णाच्या उत्तरात एक भाग असा आहे की हाती असूनही याने युद्ध थांबवलं नाही, असं लोकांनी म्हणू नये. हे सरळसरळ ‘समज दिली’ रजिस्टर झालं. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर कृष्ण आणि मॉर्डेकाय यांच्यात मला काही फरक सांगता आला नसता. पण भर सभेत कृष्ण पुढे जातो. तो दुर्योधनाला समजावतो, ते फसल्यावर वडीलधाऱ्यांकडे वळतो आणि सांगतो की कुळासाठी एकाला टाकावं, या दुर्योधनाला, कर्णाला, शकुनीला, दुःशासनाला बांधा आणि पांडवांच्या हवाली करा. काय थांबवायचं, कोणी थांबवायचं, कसं थांबवायचं, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. आणि दुर्योधन काय बेत करतो? कृष्णालाच बांधायचा. मोटारसायकलवरून राल्फला शोधणारा तो पोलीस आठवला की मला हस्तिनापूर फार लांब वाटत नाही.

वेड्याचं सोंग नसलेला, पुरावा घेऊन उभा असलेला माणूस ही काही पुराणातली कल्पना नव्हे. भोपाळच्या राजकुमार केसवानींनी १९८२ साली आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल लागोपाठ लिहिलं. १९८१च्या अखेरीस तिथे फॉस्जीनने एक कामगार मेला, तेव्हापासून ते कागदपत्रं गोळा करत होते. १९८४च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त त्यांनी पुन्हा लिहिलं. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री टाकी फुटावी तशी वाफ बाहेर आली. आमच्या पिढीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची नोकरी त्या रात्रीनंतर बदलली, १९८७ साली कायद्यात घातक उद्योगांसाठी नवं प्रकरणच आलं. पण ते नंतर. केसवानींना अनेकांनी आधी अफवा पसरवणाऱ्यांत जमा केलं होतं.

पुन्हा सिनेमाकडे. टोब हूपरच्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’मध्ये, म्हणजे १९७४ सालीच, इशारा देणारा आणि बळी घेणारा एकाच माणसात कोंबलेला आहे. गाडीतली एक मुलगी ज्योतिषाच्या मासिकातून वाचून दाखवते की शनी वक्री आहे (मी खुर्चीतच सावरून बसलो), आणि पेट्रोल पंपाचा मालक पोरांना सांगतो की जुन्या पडक्या घरांच्या वाटेला जाऊ नका. सल्ला अगदी योग्य. शेवटी कळतं की माणसं कापणाऱ्या त्या घरातलाच तो एक, त्यांचा स्वयंपाकी. दिवसभर पंपावर तो कदाचित मनापासून सावध करत असेल, रात्री घरी जाऊन चूल पेटवत असेल. सिनेमा त्याच्याबद्दल काही ठरवत नाही आणि मलाही त्याच्याबद्दल काही ठरवता आलेलं नाही.

राल्फ नेमका कोणासाठी बोलतो, याचं उत्तर मला थिएटरच्या खुर्च्यांत दिसतं. पोरं त्याचं ऐकणार नाहीत हे पटकथेतच लिहिलेलं आहे. ऐकतो आपण. त्याने सांगून ठेवलं की आपण निर्धास्त होतो, कारण पुढे जे होईल ते पोरांनी ओढवून घेतलेलं असणार. मग कुऱ्हाड चालली तरी पॉपकॉर्न घशात अडकत नाही. ‘केबिन’मधली माणसं कोणतं भूत निघेल यावर पैजा लावतात, ती आपलीच रांग आहे. माझा पुतण्या म्हणतो, काका, सिनेमा आहे, एवढं काय! बरोबर आहे त्याचं. फक्त तशीच सुटका मी एकदा सिनेमाबाहेर, एका खोलीत, रजिस्टराच्या पानाभोवती पाहिली आहे.

म्हणून यहेज्केलच्या पहारेकऱ्याबद्दल माझा निकाल असा, की कर्णा फुंकून तो सुटत नाही. झोपलेल्याचं दार वाजवणं, लंगड्याला खांद्यावर घेणं, वेशीच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याची गचांडी धरणं, हे त्याच्या नोकरीतच येतं. आणि किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याचा दोष पहारेकऱ्याहून आणि मेलेल्याहून जड आहे.

वाचकांपैकी पुष्कळ जण कुठे ना कुठे ‘मला सर्व धोक्यांची कल्पना देण्यात आली आहे’ या ओळीखाली सही करत असतील. कारखान्यात, इमारतीच्या कामावर, दवाखान्यात, मुलांच्या सहलीच्या फॉर्मवर. सही करा, त्याशिवाय आत सोडत नाहीत हे मला माहीत आहे. पण पेन टेकवण्याआधी समोरच्याला विचारा की काही बिघडलं तर हे थांबवायचा अधिकार कोणाला आहे आणि तो माणूस या घडीला कुठे आहे. नाव मिळालं तर ते सहीशेजारी लिहा. मिळालं नाही तर ‘नाव सांगितले नाही’ असं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.